कितिओनेचा डावा हात

त्या संध्याकाळी कितिओनेच्या घरात चटईवर पाय ठेवायला जागा नव्हती. त्याची बायको मेरेसेइनी मात्र दाराशी उभी राहून नवऱ्याच्या डाव्या हाताकडे टक लावून पाहत होती. दुसऱ्या कुणाचं त्या हाताकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांना त्याचे खांदे हवे होते.

खांदे होतेच तसे. फिजीच्या संघाची पांढरी जर्सी घालून हा माणूस जगभर खेळला. रग्बीत पहिल्या फळीत उभं राहायचं, समोरच्याच्या खांद्याला खांदा भिडवायचा, डोकं खाली घालायचं आणि मागून आपल्या गड्यांचा रेटा आपल्या मानेवर घ्यायचा. त्याला स्क्रम म्हणतात, आणि असा उभा राहणारा तो प्रॉप. नासोलेवू गाव अशा मानांसाठीच ओळखलं जाई. कितिओनेचा बाप प्रॉप, आजा प्रॉप. तिथे मानेची तक्रार करणं म्हणजे कोळ्याने पाण्याला भिण्यासारखं.

फिजीनंतर तो फ्रान्सच्या एका क्लबात गेला. तिथे सामन्याआधी सुई टोचत आणि टाळी मारून मैदानात सोडत. सुई कशाची, हे त्याने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. गावाकडे पैसे येत होते, चर्चचं छप्पर झालं, सगळ्यांनी आशीर्वाद दिले. मग एकदा डाव्या हातातून बुटाची नाडी सुटायला लागली. तो घरी परतला. "अळकुड्यांची आठवण आली," एवढंच म्हणाला. राजधानीतल्या, सुवाच्या डॉक्टरने मानेचा फोटो उजेडात धरून स्पष्ट सांगितलं, आणखी एक स्क्रम अंगावर कोसळला, तर मानेखाली काही हलणार नाही. हे मेरेसेइनीला माहीत होतं. आणखी कुणालाच नाही.

आता गावाचा प्रॉप रोपाते ऊस भरताना गाडीवरून पडून घोटा मोडून बसला होता, आणि शनिवारी नदीपलीकडच्यांशी अंतिम सामना होता.

पाहुणे यायच्या आधी चुलीपाशी मेरेसेइनी म्हणाली होती, "सांग त्यांना. नाहीतर मी सांगते."

"तू तोंड उघडलंस तर पहिल्या बोटीने निघून जाईन."

"जा की. पायांनी जाशील, तेवढं तरी होईल."

यंगोनाची, मुळ्या कुटून केलेल्या कडवट पेयाची, करवंटी फिरत होती. कितिओनेच्या मामाचा पोरगा सिरेली, म्हणजे तावाले, थट्टेचा पिढीजात हक्कदार, मोठ्याने म्हणाला, "काय रे फ्रेंच पावा! लोणी खाऊन वाकता येतं ना अजून?"

"तुझ्यासारखा रेषेबाहेर उभा राहून शिट्ट्या नव्हतो मारत मी."

घर हसलं. मग मामा, मोमो आपोरोसा, गुडघ्यांवर पुढे सरकला, आणि हसू विझलं. गावप्रमुखाच्या वतीने बोलायचा मान त्याचा. त्याच्या हातात देवमाशाचा दात होता, काथ्याच्या दोरीला बांधलेला. हा दात हातात घेतला की मागणं मान्य झालं. न घेतला तर प्रमुखाच्या तोंडावर थुंकल्यासारखं. आजवर तशी हिंमत कुणाची झाली नव्हती.

"दात लहान आहे," आपोरोसा रिवाजाप्रमाणे म्हणाला, "पण त्याच्यामागे अख्खं गाव आहे. शनिवारी तुझा खांदा दे."

कितिओनेने मेरेसेइनीकडे पाहिलं नाही. एकच सामना, तो मनात म्हणाला. फ्रान्समध्ये निभावलं, इथेही निभावेल. त्याने दोन्ही हात पुढे केले. उजवा मिटला. डाव्याला काही कळलंच नाही.

दात निसटला, यंगोनाच्या लाकडी परातीच्या पायावर आपटून चटईवर पडला.

"टाकलास?" आपोरोसाचा आवाज चिरका झाला. "गावाचा दात टाकलास?"

हाताला तेल होतं, असं म्हणता आलं असतं. ते खोटं जिभेवर आलंही. मग त्याने डावा हात वर धरला. बोटं अर्धी वळलेली, तशीच राहिली.

"टाकला नाही, मोमो. पडला. हा हात माझा राहिला नाही." आणि डॉक्टर जे बोलला होता ते त्याने जसंच्या तसं सांगितलं.

"मग इतके दिवस आम्हाला फसवलंस?"

"हो. फ्रान्सवाल्यांना नाही फसवलं. सुई त्यांचीच होती."

आपोरोसाने दात उचलला, कमरेला गुंडाळलेल्या सुलूला पुसला. कितिओनेकडे पाहिलंसुद्धा नाही. "ठीक. इनोसी उभा राहील."

होडी हाकणारा इनोसी बैलासारखा होता, पण पहिल्या फळीत कधी उभा राहिला नव्हता. कोपऱ्यातून म्हणाला, "राहतो की! मान आहे, कागद नाही."

आता कितिओनेचं डोकं फिरलं. "रेट्यात तो नाही उभा राहणार! शिकलेला प्रॉप नसेल तर रेफरीला सांगायचं. मग स्क्रममध्ये रेटा नाही. नुसतं टेकून उभं राहायचं. नियम आहे."

"रेट्याशिवाय आपण जिंकलोय कधी?" सिरेली ओरडला. आता तो थट्टा करत नव्हता. "नासोलेवू रेटा नको म्हणणार? नदीपलीकडचे आपल्यावर गाणी रचतील!"

"रचू देत. त्याची मान मोडली तर गाणं तुम्ही म्हणणार का त्याच्या अंथरुणाशी?"

"आणि रेफरीला सांगणार कोण? माझी जीभ नाही उचलणार."

"मी सांगतो."

शनिवारी सगळ्या गर्दीसमोर तो मैदानाच्या मध्यावर गेला आणि रेफरीला सांगितलं, आमच्याकडे प्रॉप नाही. नदीपलीकडचा कप्तान म्हणाला, "ऐकू नाही आलं, काका. फिजीसाठी खेळलेला माणूस काय म्हणतोय?" कितिओनेने तेच पुन्हा, मोठ्याने सांगितलं. मैदानाच्या पलीकडच्या काठावरून भित्र्याला चिडवायचे कोंबडीचे आवाज निघाले. नासोलेवूच्या बायकांनी माना खाली घातल्या. आपोरोसा उठून चालता झाला.

पहिला स्क्रम लागला. माणसं एकमेकांना टेकून उभी राहिली, पहिल्या फळीत इनोसीही, पण कुणी रेटलं नाही. चेंडू बाहेर गेला. नासोलेवू तिथूनच हरायला लागलं, हे सगळ्यांना दिसत होतं.

इनोसी गर्दीतून वर आला. अपमानाने लाल झालेला. रेषेबाहेर कितिओनेच्या आजूबाजूला कुणी बसलं नव्हतं, फक्त मेरेसेइनी होती. इनोसीने त्या दिशेने मान वळवली, पार खांद्यापर्यंत, आणि कितिओनेकडे बघून थुंकला.

कितिओने ती वळलेली मान पाहत राहिला.