हार घालायचा फोटो

मालिकेतून माणूस काढायच्या दोन पद्धती आहेत. एक तर त्याला गावी पाठवायचं, नाहीतर त्याचा फोटो भिंतीवर लावून हार घालायचा. गावी गेलेला माणूस कधीही पिशवी घेऊन दारात उभा राहू शकतो. हार पडला की मात्र संपलं. नायक दरीत कोसळला तरी नवा चेहरा घेऊन परत येतो. आम्हा विनोदी चरित्र नटांच्या वाट्याला साधा जुळा भाऊसुद्धा येत नाही.

मला दिवाळीनंतर गावी पाठवलं. त्या मालिकेत मी घरजावई काकांचं काम करत होतो. बायकोची हाक आली की लाडू तोंडात कोंबायचा, मान आत ओढायची आणि डोळे तिरळे करायचे. आयुष्यभर नाटकं केली, पल्लेदार स्वगतं म्हटली, पण लोकांच्या लक्षात राहिले ते तिरळे डोळे. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. त्या डोळ्यांमुळे मंडईत भाजी घेताना लोक वळून बघायचे, आणि मला ते आवडायचं. कशाला खोटं बोलू?

मालिकेतला मी गावी गेल्यावर मला दुसरं काम मिळेना. ज्याच्याकडे जावं तो चहा पाजायचा, डोळे करून दाखवायला लावायचा, पोट धरून हसायचा आणि म्हणायचा, "तुमच्याजोगतं काही निघालं की कळवतो." घरी मी आणि बायको रोज मालिका बघत बसायचो. माझ्या नावाचा उल्लेख होतो का, एवढंच बघायला. एकदा कुणीतरी म्हणालं, "काकांचा फोन आला होता, आंबे पाठवतायत." बायकोने त्या दिवशी शिरा केला. आंब्यांचा मोसम संपला, तरी आंबे काही आले नाहीत. उल्लेखही थांबला. समोरच्या बिल्डिंगमधले निवृत्त मास्तर जिन्यात भेटले की विचारायचे, "काय हो, गावाकडची हवा मानवली वाटतं?" मी हसायचो. आतून इतका घाबरलो होतो की आंघोळीला जातानाही फोन बरोबर न्यायचो.

आणि मालिकेच्या प्रॉडक्शनमधल्या पोराचा फोन आला. "काका, उद्या सकाळी सेटवर या. जाकीट तेच आणा." कशासाठी, हे मी विचारलंच नाही. विचारल्यावर त्याने विचार बदलला तर? मिशीला कलप लावला. निघताना बायकोने हातावर दही ठेवलं. खराडीला नोकरीला असलेल्या मुलीला तिने माझ्यादेखत फोन करून सांगितलं, "बाबा परत घरात येतायत गं, मालिकेतल्या."

आमचं शूटिंग धायरीच्या एका भाड्याच्या बंगल्यात चालतं. मी जाकीट चढवून तयार झालो, तरी कुणी संवादाचा कागद आणून देईना. शेवटी मीच दिग्दर्शकाकडे गेलो. माझ्या मुलीच्या वयाचा, पण वागायला अदबशीर.

"सीन नाहीये काका. फक्त एक फोटो काढायचाय."

"कसला फोटो?"

तो मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "जुने सगळे बघितले आम्ही. एकातही तुमचा चेहरा सरळ नाही. हार घालायला एक तरी बरा पाहिजे ना."

मी खुर्चीत बसलो. मग लाज सोडून त्याला सुचवायला लागलो. काशीला पाठवा. तुरुंगात टाका. कोमात ठेवा, मी नुसता पडून राहीन, एक ओळसुद्धा नको.

"चॅनलचं ठरलंय काका. काकू आता मसाल्यांचा कारखाना काढणारेत. नवरा असताना त्या जिद्दीला वजन येत नाही."

फोटोसाठी उभं केलं तेव्हा मी मुद्दाम डोळे तिरळे केले. सगळे हसले. "आता एक साधा," म्हणाले. मी पुन्हा तिरळे केले. असल्या फोटोला हार कसा घालतील, असं मला वाटत होतं. खुळेपणाच होता तो, पण बुडणाऱ्याने दुसरं काय करायचं? दिग्दर्शकाने हसून हसून डोळे पुसले आणि म्हणाला, "हाच लावा. लोकांना हाच आवडेल." तासाभरात फोटो छापून, चौकटीत बसवून भिंतीवर लागला आणि ट्रंकेतून चंदनाचा हार निघाला. धूळ झटकून तो माझ्या तोंडाभोवती चढवला गेला.

मग माझ्या मालिकेतल्या बायकोचा सीन. फोटोसमोर उभं राहून तिला रडायचं होतं. गुणी नटी, पाच वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं होतं. तिने फोटोकडे बघितलं आणि फिस्सकन हसली. पुन्हा घेतलं, पुन्हा हसली. डोळ्यांतून ग्लिसरीन वाहत होतं आणि तोंड हसत होतं. दिग्दर्शक वैतागला.

तेव्हा ती मला म्हणाली, "अहो, तुम्ही जरा कॅमेऱ्यापाशी उभे राहता का? मी तुमच्याकडे बघून बोलते."

आमच्यात ही रीतच आहे. एकाचा क्लोजअप चालू असताना समोरचा नट कॅमेऱ्याशेजारी उभा राहतो, म्हणजे बोलणाऱ्याला नजर मिळते. नाही म्हणता येत नाही. मी उभा राहिलो. काहीच केलं नाही, अभिनय तर नाहीच. घरी गेल्यावर बायकोला काय सांगायचं, एवढाच विचार डोक्यात होता. उद्या सकाळी दाढी करायची तरी कशासाठी, तेही कळत नव्हतं.

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "अहो, सांगून तरी जायचं..." एवढं म्हणाली आणि कोसळली. या वेळी ग्लिसरीन लावलेलं नव्हतं. तिचे हुंदके थांबेनात.

"कट," दिग्दर्शक हळूच म्हणाला. "कमाल झाली. दुसरा टेक नको. काका, तुम्ही मोकळे."

लाइट बंद व्हायला लागले. मी जागचा हललो नाही.

"अजून एकदा घेऊ या ना," मी म्हणालो. "मी उभा राहतो."