निबंध वैशालीचा, शेवटचं वाक्य माझं

दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून इथे लिहिते.

मी सॉफ्टवेअर तपासते. आमच्या डिंडोली भागात शेजारी राहणारी वैशाली मराठी घेऊन बी.ए. करते. तिला मी रसग्रहण लिहायला शिकवते. ती आधी कथा अहिराणीत सांगते, मग मराठीत लिहिते. प्रत्येक विधानाला कथेतला पुरावा हवा, एवढाच माझा नियम.

आज कॉलेजने तिला बोलावलं. कथेवरचा इतका नेटका निबंध तिचा नसणार, अशी शंका. मी दाराबाहेर उभी होते.

मराठीच्या मॅडमनी विचारलं, "कथेतली आई रडत का नाही?"

वैशाली मराठीत सुरुवात करून अडखळली.

"मॅडम, घरच्या बोलीत सांगू?"

"सांग बाई, पण सांग काहीतरी!"

"माय रडस नही, पोरं भ्यातीन म्हनीसन."

"पुरावा?"

"नवरा गेल्याची बातमी आल्यावर ती भाकरी जोरजोरात थापते. हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून."

हे निबंधात नव्हतं. मलाही कधी सुचलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "उद्या ये. निबंधाच्या शेवटच्या वाक्यावर बोलू. पटलं नाही तर शून्य."

ते वाक्य मी सुचवलं होतं. वैशालीने विश्वासाने जसंच्या तसं उतरवलं.

शिकवणाऱ्यांनो, मदत करताना तुम्ही नेमकं कुठे थांबता?