मोटारीचा हात

आमच्या मोटारीचा हात नेमका कुणासाठी बाहेर यायचा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. निजामी अमदानीत तीर्थपुरीच्या आमच्या त्या भागात दुसरी मोटारच नव्हती. रस्त्यावर बैलगाड्या, शेरडं आणि आमचीच धूळ. तरी वळण आलं की ड्रायव्हरनं खटका दाबायचा, वळायच्या बाजूच्या दारामागच्या फटीतून दिशा दाखवणारा वीतभर हात आडवा बाहेर पडायचा, त्यात दिवा लागायचा, आणि मागच्या सीटवर माझे सासरे मिशीवरून बोटं फिरवायचे. शेरडं मात्र आपल्याच वाटेनं जायची.

सासरे जमीनदार. जमीन भरपूर आणि अक्कल बेताची, असा त्यांचा एकूण हिशेब. मोटार त्यांनी औरंगाबादच्या एका अंमलदाराकडून जुनीच घेतली होती. त्या खंडेनवमीला घरातल्या तलवारीबरोबर आणि नांगराबरोबर मोटारीचीही पूजा झाली. ही पूजा वर्षातून एकदा करायची असते. पण पूजेला आलेला एक तोंडपुजा म्हणाला, "मालक, ह्यो हात म्हंजे बिलकुल देवीचा हात दिसून राह्यला. आशीर्वाद द्याया निघालेला."

झालं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मोटार घरी आली की सासरे खटका दाबून हात बाहेर काढायला लावत आणि पूजा करत. ताट मी करून द्यायची. हाताला कुंकू लागायचं, फूल वाहिलं जायचं, आणि गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य त्या फटीत अंगठ्यानं दाबून बसवला जायचा. फट म्हणजे मोटारीचं तोंड, आणि नैवेद्य तोंडात गेला पाहिजे, हा त्यांचा स्वतःचा शोध. मग हात मिटायचा आणि मोटार पडवीत जायची.

दसरा उलटून चार-सहा दिवस गेले आणि हातानं रुसायला सुरुवात केली. सकाळी खटका दाबला तर आतून नुसता टक् असा आवाज यायचा. दुपारी तोच हात असा खणखणीत उडायचा की जणू काही झालंच नव्हतं. सासूबाईंनी नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधली. ती सकाळी बांधली होती. दुपारी हात आला आणि लिंबाची कीर्ती गावभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी हात पुन्हा आत. मग जालन्याच्या एका जिनिंगमधला मिस्त्री बोलावला. त्यानं सकाळपासून दुपारपर्यंत वायरी उपसल्या, चहा ढोसला, आणि उन्हं चढल्यावर खटका दाबला. हात आला. मिस्त्री छाती काढून निघून गेला. अशा माणसांना फेटे बांधायची आपल्याकडे फार हौस.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण एके दिवशी सकाळी अंबडच्या कचेरीच्या फाटकात, तहसीलदारसाहेब उभे असताना, मोटार वळली आणि हात आलाच नाही. साहेबांचं लक्षही नव्हतं म्हणतात. सासऱ्यांना मात्र आपलंच नाक कापलं गेल्यासारखं झालं. घरी येऊन ते अंगणात ड्रायव्हरवर ओरडले, "उद्या सकाळी हात न्हाई निघाला तर तू निघायचं!"

ड्रायव्हर जालन्याचा, वयस्कर मुसलमान. आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो. त्याच्या लेकीची सोयरीक नुकतीच जमली होती, आणि ती जमली बाप मोटारीवर आहे म्हणून. तो बेकार झाला असता तर सोयरीक मोडली असती. एका फुकटच्या हातापायी एका पोरीचं लग्न टांगणीला लागलं, याची चीड आजही माझ्या मनातून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी पडवीत गेले. थंडी पडायला लागली होती. चाचा दाराशी हताश बसला होता.

"वायर बराबर हाय, धाकट्या बाई. बॅटरी बराबर हाय. मंग काय करू?"

मी काही बोलणार तोच मला मुंग्या दिसल्या. चाकावरून निघून, दारावरून चढून, सरळ त्या फटीत जाणारी काळी रांग. रोज ताटात गूळ ठेवणारी मीच. मला आणखी कुणी काही सांगायची गरज उरली नाही. रात्रीच्या गारठ्यात गूळ घट्ट बसायचा आणि हात धरून ठेवायचा. दुपारच्या उन्हानं तो सैल पडला की हात सुटायचा. लिंबू, मिस्त्री, सगळे उन्हाच्या जिवावर मोठे झाले होते.

"चाचा, वायरीत काय न्हाई. मामंजींनी मोटारीला गूळ चारलाय."

चाचानं आधी माझ्याकडे आणि मग फटीकडे पाहिलं. हसायची त्याची हिंमत झाली नाही.

मी बंबातलं कढत पाणी आणलं. फडकं भिजवून फटीवर धरलं, डोक्यातला आकडा काढून गूळ उकरला. खटका दाबताच हात बाहेर आला, कुंकवानं आणि चिकट्यानं माखलेला. घासलेटचा बोळा मी चाचापुढे धरला. तो मागे सरकला.

"कुकवाला माझा हात न्हाई लागाया पाहिजे, बाई. मंग नौकरीच न्हाई, गावबी सोडावं लागंल."

खरं होतं ते. बोळा मीच फिरवला.

सासरे आले. चाचानं खटका दाबला, आणि त्या गार सकाळी हात टणकन उडाला. पण तो निघाला ह्याचा आनंद राहिला बाजूला. ते गुरगुरले, "कुकू कोणी पुसलं?" आणि बघितलं ते चाचाकडे.

"मी पुसलं," मी म्हणाले. "गुळानं हात चिकटला होता, मामंजी. मुंग्या बघा."

मुंग्या त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. पण बघायचंच नाही असं ठरवलेल्या माणसाला हत्तीही दिसत नाही, मुंग्यांचं काय. ड्रायव्हरला काढता येतं, सुनेला काढता येत नाही, एवढं मात्र त्यांना समजलं. "आपल्या हातानं कुकू पुसणारी बाई माझ्या मोटारीत बसायची न्हाई," एवढं बोलून ते गाडीत बसले. त्या दिवसापासून गूळ मात्र गुपचूप बंद झाला. हात सुधारला तो आपल्या पूजेनं, असं ते पुढे लोकांना सांगत.

दिवाळीला मला मोटारीनं माहेरी घनसावंगीला पाठवायचं ठरलं होतं. आता मी बैलगाडीनं निघाले. अर्ध्या वाटेत मागून भोंगा वाजला. सासरे अंबडला निघाले होते. गाडीवानानं बैल कडेला घेतले. मोटार आमच्या शेजारून पुढे गेली. मागच्या सीटवर ते ताठ बसले होते, मान दुसरीकडे वळवून.

पुढे रस्ता नाकासमोर सरळ होता. ना वळण, ना फाटा. तरी माझ्या बाजूचा तोच हात बाहेर आला, त्यातला दिवा लागला, आणि मोटार धुळीत दिसेनाशी होईपर्यंत चाचानं तो मिटला नाही.