‘नॉर्मल’ची बाटली

सात रस्त्याजवळच्या आमच्या लॅबमध्ये शौच तपासायचं नवीन किट आलं की शिवलीलाअक्का त्यात पहिला नमुना स्वतःचा लावायच्या. आजारी माणसाच्या आकड्याशेजारी ताळ्यासाठी निरोगी माणसाचा आकडा हवा, म्हणून. त्यांच्या बाटलीवर नाव नसायचं, नुसतं ‘नॉर्मल’. “कडक भाकरी पचवणारं पोट हाय हे,” म्हणायच्या. मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. त्यांचा हा तोरा मला फार आवडायचा.

त्यांच्या धाकट्या बहिणीला आतड्याच्या सुजेचा आजार. मूळव्याध समजून तिनं वर्षं काढली, शेवटी आतडं कापावं लागलं. तेव्हापासून शौचाचा नमुना द्यायला लाजणाऱ्याला अक्का दटावत, “पोट बोलायच्या आदी नमुना बोलतोय. दे गुमान.”

गेल्या वर्षी आतड्यातली सूज मोजायचं किट आलं. आतड्यात पांढऱ्या पेशी जमू लागल्या की त्यांचं एक प्रथिन शौचात वाढतं, ते हे किट पकडतं. ‘नॉर्मल’चा आकडा बराच वर आला. अक्कांनी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा माझ्याकडून लावून घेतला. आकडा हलेना.

“किटच खराब हाय. परत पाठव,” म्हणाल्या आणि बाटली टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी मी न सांगता माझा नमुना लावला. आकडा अगदी खाली. कागद अक्कांपुढे ठेवला.

“मला दुकत न्हाय, रक्त न्हाय, मग रोग कुटला?” इतक्या कडक बोलल्या की मला रडू आलं.

तरी मी म्हणाले, “अक्का, पोट बोलायच्या आधी नमुना बोलतो, हे तुम्हीच शिकवलंत.”

शेवटी अक्का डॉक्टरांकडे गेल्या. दुर्बिणीच्या तपासणीत आतडं स्वच्छ दिसलं. तपासायला काढलेल्या बारीक तुकड्यात मात्र पांढऱ्या पेशी जमायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी औषध दिलं नाही, दर तीन महिन्यांनी नमुना तपासायला सांगितलं. ते वाट बघणं फार वाईट. अक्का जेवायला बसायच्या आणि घास हातात धरून पोटाकडे लक्ष देत राहायच्या.

तीन महिन्यांनी त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. तिच्यावर पहिल्यांदाच लिहिलं होतं, ‘शिवलीला, वय ५१’.

“आता नॉर्मल तू,” म्हणाल्या. “आकडा काय बी येऊ दे, मला खरा सांग.”

चौथ्या खेपेला आकडा फार वर गेला. पोट अजून गप्पच होतं. मी खरा सांगितला. पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा बारीक व्रण दिसले, औषध त्याच आठवड्यात सुरू झालं. बहिणीचं जे गेलं, ते अक्कांचं अजून शाबूत आहे.