पाठीला हात

दुपारी जेवण झाल्यावर विश्रामगृहातल्या खाटेवर जरा आडवी होते. म्हाताऱ्या माणसांच्या घरी सेविका पाठवणाऱ्या सरकारी योजनेची पाहणी माझ्याकडे आहे. अहवाल उद्या द्यायचाय. बाहेर कुणीतरी गाडी धुतंय. पाण्याचा आवाज लांब लांब जातो, आणि मग एकदम अगदी जवळ येतो.

मेहकरच्या एका पत्र्याच्या खोलीत मी उभी आहे. भागुबाई खरात मोरीत पाटावर बसल्यात. महिन्यापूर्वी मी त्यांची मुलाखत घेतली होती. गेल्या आठवड्यात त्या वारल्या. मला हे माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. दोघींना त्याचं काहीच वाटत नाही.

"आलीस का, माय? काय लिहिलंस माझं?"

"तुम्ही सांगितलंत तेच, आजी. सगळीकडे 'समाधानी'."

"मग दुसरं काय सांगणार? सेविका संगीता दारातच उभी होती."

"ती नीट वागायची नाही का?"

"गुणाची पोर ती. पण अकरा घरं तिच्याकडं. गोळ्या द्यायची, सही घ्यायची, पळायची. आंघोळ राहून जायची. खरं सांगितलं असतं तर तीबी बंद झाली असती. दिवसातून तेवढंच एक माणूस दारात यायचं."

'आंघोळ घातली जाते का?' या प्रश्नापुढे मी बरोबरची खूण केली होती. मोरीकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

"आता मी काय करू, आजी?"

"पाठ चोळ. चार महिने झाले, पाठीला कुणाचा हात लागला नाही."

मी तांब्यानं पाणी घालते. मोरीची भिंत आता नाही. आम्ही जिल्हा कार्यालयाच्या सभागृहात आहोत, लांब टेबलाभोवती साहेब बसलेत, पाणी त्यांच्या खुर्च्यांखालून वाहतंय. कुणी पाय उचलत नाही. मी चोळत राहते. मणका न मणका हाताला लागतो. भागुबाईंचे डोळे मिटलेले.

"बास," बऱ्याच वेळानं त्या म्हणतात. "जा आता. बाकीच्या म्हाताऱ्या हायेत अजून."

जाग येते तेव्हा उन्हं भिंतीवर चढलीत. अहवाल समोर ओढते आणि 'समाधानी'चं अख्खं पान खोडते. खाली लिहायला घेते : ही उत्तरं सेविकांसमोर घेतली होती. प्रत्येक घरी पुन्हा, एकटीनं जावं लागेल. मुदत वाढवून मिळावी.

पेन बोटांतून निसटतंय. बघते तर दहाही बोटांची टोकं पांढरी पडलीत, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलीत.