अण्णांची शेवटची लॅडल

मागच्या वर्षी याच दिवशी, अण्णांच्या स्मृतिदिनी, मी इथं चुकीचं लिहिलं.

लिहिलं होतं, की अण्णांच्या प्रयोगांमुळं आमची फाउंड्री वाढली.

पण पंपांची मोठी ऑर्डर आधी आली होती. प्रयोग जमला तो नंतर.

प्रयोगानं धंदा वाढला, की धंदा वाढला म्हणून प्रयोग परवडले? मला खरंच माहीत नाही.

आणि आज मला त्या माहीत नसण्याचीच भीती वाटतेय.

नव्वदच्या दशकात मी शाळेत होते. माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, तेव्हा एक नियम होता. दिवसाची शेवटची लॅडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचं शेवटचं भांडं, ऑर्डरच्या साच्यात ओतायचं नाही. अजून न जमलेल्या नव्या साच्यात ओतायचं.

बहुतेक वेळा माल खराबच निघायचा. तो परत भट्टीत.

माझे काका, तात्या, हसायचे. "अण्णा, देवाला दावलेला निवद माणूस परत खातो तरी. तुझा निवद भट्टीच खाती की."

अण्णा तो माल फोडून तुकडा माझ्यापुढं ठेवायचे.

"काय दिसतंय गं?"
"भोकं."
"का पडली?"
"म्हाईत न्हाई."
"मला बी न्हाई. उद्या परत ओतू."

माझी पहिली शाळा ती.

आता अण्णा नाहीत, फाउंड्री मी चालवते, आणि यंदा मंदी आहे. भट्टी रोज पेटत नाही. तात्याही हसत नाहीत.

"पोरी, त्या लॅडलीत लोकांचा पगार हाय. बंद कर आता."

ते खरं तेच बोलतायत. भट्टीवरची ती माणसं मला फ्रॉकात असल्यापासून ओळखतात.

मी म्हटलं, "तात्या, गिऱ्हाईक आता हलका पंप मागतंय. आपल्याला तो अजून ओतता येत न्हाई."

"आणि न्हाईच जमला तर?"



घरी येऊन आईला विचारलं, "अण्णांना कधी भीती कशी वाटली नाही गं?"

"कुणी सांगितलं तुला? नवा साचा असला की डबा तसाच परत यायचा त्यांचा."

मला हे माहीतच नव्हतं.

अण्णा, आज तुमच्या फोटोला हार घातला, नमस्कार केला. माझाही डबा तसाच आहे.

भट्टी आता शुक्रवारी पेटेल.

शेवटची लॅडल मी नव्या साच्यात ओतायला सांगणार आहे. शुक्रवारी.