वाशांवरच्या तांबड्या

आमच्या आत्याला खोटं बोलता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही. एकाच बाईत हे दोन्ही म्हणजे घरादाराच्या डोक्याला ताप. तांबड्या कोंबड्यांच्या वेळी मी तिला हात जोडून सांगितलं होतं, "आत्या, तोंड उघडू नकोस." पण ऐकेल ती आत्या कसली!

वीस वर्षं तिने आणि आतोबांनी शेडमध्ये पांढऱ्या कोंबड्याच वाढवल्या. पांढरी जात म्हणजे पी हळद आणि हो गोरी. मुठीत मावणारं पिल्लू सहा आठवड्यांत अडीच किलोचं. खायचं, बसायचं, बसल्या बसल्या पुन्हा खायचं. आत्या वैतागली होती. "अहो, यांची ओळख व्हायच्या आत यांना न्यायला गाडी येते!" तिला हवी होती तांबडी जात. हळू वाढणारी, पण उकरणारी, उडणारी, भांडखोर.

आतोबांचा सगळा जीव पांढऱ्यांत. महिनाभर धुसफुस झाल्यावर त्यांनी मधे जाळी मारून अर्धी शेड तिला दिली, तीही अट घालून. बाराव्या आठवड्यात तांबड्यांचं सरासरी वजन दोन किलो भरलं, तर अर्धी शेड कायमची आत्याची. नाही भरलं, तर ये रे माझ्या मागल्या, सगळीकडे पांढऱ्याच.

सहाव्या आठवड्यात जाळीच्या अलीकडे अडीच किलो आणि पलीकडे जेमतेम एक. आतोबा जाळीला टेकून म्हणाले, "खाणं तेच, पाणी तेच. तुझ्या या चवळीच्या शेंगा भरणार कधी?"

"भरतील. त्यांच्या रक्तातच घाई नाही," आत्या म्हणाली.

दर रविवारी वजन व्हायचं. वीस कोंबड्या धरून आत्या त्यांना टांगत्या काट्याला लावायची आणि मी वहीत लिहायचे. बाराव्या रविवारी सरासरी आली दोन किलो पन्नास ग्रॅम. आतोबांनी चष्मा पुसून वही दोनदा वाचली. "घे बाई, शेड तुझी," म्हणाले आणि चहा न पिताच उठले. आत्या इतकी खूश, की दिवसभर गाणी म्हणत होती. तिचा गळा कसा आहे ते इथे सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी भरताना तिने सहज वर पाहिलं. छताखालच्या वाशांवर तांबड्या ओळीने बसलेल्या, सडसडीत आणि चपळ. बारा आठवड्यांत त्यांतली एकही काट्याला लागली नव्हती.

"अगं बाई!" आत्या मटकन पालथ्या बादलीवर बसली.

चूक वीस वर्षांच्या सवयीची होती. पांढऱ्या सगळ्या एका मापाच्या, त्यामुळे दाराशी हाताला लागतील त्या वीस धरल्या तरी वजन तेच यायचं. तांबड्यांत मात्र दाराशी, दाण्याच्या भांड्यापाशी ठाण मांडून असायच्या त्या नेमक्या धष्टपुष्ट. हलक्या फुलक्या भुर्रकन वर. आत्या आपली सवयीने खालच्याच धरायची.

मग आम्ही दोघींनी शिडी लावून एकूण एक कोंबडी धरली. माझ्या हातांवर ओरखडे, केसांत पिसं. सरासरी आली एक किलो आठशे.

"हे पान फाडते मी," मी म्हणाले. "आतोबांना काय कळतंय!"

"मला कळलंय ना," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

असा राग आला मला तिचा! हाती आलेली अर्धी शेड, आणि ही बया ती स्वतःहून परत द्यायला निघाली.

आतोबा जाळीपलीकडे दाणे टाकत होते. तिने वही त्यांच्यापुढे धरली. "अहो, मी हरले. वरच्या कोंबड्या मी कधी मोजल्याच नव्हत्या."

आतोबांनी पान वाचलं, वाशांकडे पाहिलं. "दोन किलोला अजून किती लागेल यांना?"

"तीन आठवडे. पण अट बाराची होती."

"मला लग्नाला हो म्हणायला अडीच वर्षं लावलीस तू," आतोबा म्हणाले. "मी घातली होती का बारा आठवड्यांची अट? राहू दे ती जाळी तिथेच."

आत्याने तोंड उघडलं, पण शब्द काही फुटला नाही. तिला गप्प झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.